हात पोचतो पण डोळा पोचत नाही, तिथला हेडलाइटचा बल्ब घरी कसा बदलावा

मी गोव्यात वाळपईला राहते आणि नोकरीसाठी रोज फोंड्याला जाते. जुलैत साडेसातनंतर परत येताना उसगाव सोडलं की रस्त्यावर काळोख, वरून पाऊस आणि ओल्या डांबरावर बसलेली गुरं. अशाच एका संध्याकाळी माझ्या गाडीचा उजवा हेडलाइट गेला. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणजे उजवा दिवा समोरच्याच्या जवळचा. तो विझला की समोरच्याला फक्त कडेचा एक दिवा दिसतो आणि तो धरून चालतो की कडेने दुचाकी येते आहे. समोरून आलेल्या टेम्पोने मला दुचाकीपुरतीच जागा सोडली. मी गाडी गटारापर्यंत दाबली म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितलं, "बंपर उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा." काहीशे रुपयांच्या बल्बसाठी दिवसभराची रजा आणि बंपरची मजुरी मला पटेना. शेजारच्या काकांनी अनेक वर्षं खाणीवरचे ट्रक चालवले आहेत. ते म्हणाले, "बाय, आधी हाताला दाखव, मग हात आत घाल." या लेखात जे सांगते आहे ते सगळं त्या एका वाक्यातून आलेलं आहे. उजव्या दिव्यामागे बॅटरी असते, नाहीतर एअर फिल्टरचा डबा, नाहीतर काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीची नळी. हात कसाबसा आत जातो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून जे डोळ्यांना कळतं ते आधी बोटांना शिकवायचं.

हे सगळं हॅलोजन, म्हणजे आतली तार तापून पेटणाऱ्या, बल्बच्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या गाडीत कंपनीचेच एलईडी किंवा झेनॉन दिवे असतील तर इथेच थांबा. झेनॉनमध्ये खूप जास्त व्होल्टेज असतं, तिथे घरी हात घालू नये.

१. बल्बच गेला आहे ना, हे आधी ठरवा

लो बीम आणि हाय बीम दोन्ही लावून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत एच४ नावाचा एकच बल्ब असतो आणि त्यात दोन फिलामेंट, म्हणजे पेटणाऱ्या बारीक तारा, असतात, एक लो बीमची, एक हाय बीमची. लो गेला आणि हाय लागतो, तर फिलामेंट तुटली हे जवळजवळ नक्की. दोन्ही एकदम गेले तर आधी फ्यूज बघा. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे असतात. फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घाला. तो लगेच पुन्हा उडाला तर वायरिंगमध्ये दोष आहे. मोठा फ्यूज घालून तो दाबू नका, त्याने वायर जळते.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं, खारी दमट हवा. दिव्याला वीज नेणारा प्लास्टिकचा जोड, ज्याला मेकॅनिक कपलर म्हणतात, त्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. मग बल्ब चांगला असूनही पेटत नाही, किंवा खड्ड्यात गाडी आपटली की पेटतो आणि पुन्हा विझतो. बल्ब काढल्यावर फिलामेंट शाबूत दिसली तर कपलरकडे बघा.

२. योग्य बल्ब आणा

गाडीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर बल्बची यादी असते. पुस्तिका नसेल तर जुन्या बल्बच्या धातूच्या कडेवर कोरलेलं वाचा. एच४ असेल तर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असं लिहिलेलं असतं. ६० हाय बीमचे, ५५ लो बीमचे. लो आणि हायला वेगळे बल्ब असतील तर एच७, एच१ किंवा एच११ असे क्रमांक भेटतात. ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

दुकानात नुसतं "गाडीचा बल्ब द्या" म्हणू नका. आपल्याकडे स्कूटरही गाडीच. मला पहिल्यांदा एचएस१ मिळाला, तो मोटरसायकलचा ३५/३५ वॅटचा. दिसायला अगदी एच४चा जुळा भाऊ. चारचाकीचा एच४, ६०/५५, असं स्पष्ट सांगा आणि खोक्यावरचे आकडे तिथेच वाचा. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात, म्हणून सकाळीच जा.

दुकानदार "१०० वॅटचा घ्या, झकास प्रकाश पडतो" म्हणेल. घेऊ नका. कंपनीची वायर आणि कपलर ५५-६० वॅटच्या हिशेबाने दिलेले असतात. जास्त वॅटने कपलर आधी तपकिरी होतो, मग वितळून बल्बला चिकटतो. हॅलोजनच्या जागी घालायचे एलईडी बल्बही मी टाळते. दिव्यातला रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश पुढे फेकणारा आतला चकचकीत भाग, फिलामेंटची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. प्रकाश दुसऱ्या जागेवरून निघाला की तो पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय त्यांतल्या बऱ्याच बल्बांच्या मागे पंखा असतो, त्यामुळे रबरी टोपी नीट बसत नाही आणि पावसाचं पाणी आत शिरतं.

बल्ब दोन आणा. दोन्ही बाजूंचे बल्ब सारखेच तास जळलेले असतात, एक गेला की दुसऱ्याचाही भरवसा कमी. आणि दुसरा बल्ब शिकायलाही उपयोगी पडतो, ते पुढे सांगते.

३. हाताशी काय हवं

- दोन नवे बल्ब
- पातळ नायट्राइलचे हातमोजे. जाड मोज्यांतून क्लिप जाणवत नाही
- १० नंबरचा पाना, बॅटरी सोडवावी लागली तर
- स्क्रू-ड्रायव्हर, एक फुलीचा आणि एक चपटा
- छोटा आरसा, फक्त आधी आत डोकावायला. पावडरच्या डबीतला चालतो
- मोबाइल आणि टॉर्च
- दांड्याचं लोहचुंबक. क्लिप खाली पडली तर हेच वाचवतं
- जुनी चादर, स्वच्छ सुती फडकं, थोडं स्पिरिट
- खडू

अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. बॉनेटखालच्या पत्र्याच्या कडा हात सोलून काढतात. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीशेजारी काम आहे आणि सोन्याच्या बांगडीतूनही वीज तितक्याच सहज जाते.

४. गाडी कुठे आणि केव्हा लावायची

आदल्या रात्री एक काम करून ठेवा. सपाट जागी, भिंतीसमोर सात-आठ मीटरवर गाडी उभी करा. डॅशबोर्डवर दिव्याची उंची बदलणारं चाक असेल तर ते शून्यावर ठेवा. लो बीम लावा आणि चांगल्या दिव्याच्या प्रकाशाची वरची कड भिंतीवर खडूने आखा. आमच्या कुंपणाची भिंत चिऱ्यांची आहे, तिच्यावर खडू चांगला उमटतो. चाकं कुठे होती त्याची खूणही जमिनीवर करा. शेवटी याच रेघेवरून कळणार आहे की बल्ब नीट बसला की नाही.

काम दिवसाउजेडी, कोरड्या जागी करा. मिरग सुरू झाला की शेडखाली. इंजिन पूर्ण थंड हवं. दिवा लागलेला असेल तर बल्ब निवायला निदान वीस मिनिटं द्या, काच शेकडो अंश तापलेली असते. दिव्याचा खटका बंद करा आणि चावी काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो, म्हणून इंजिन गरम असताना त्या बाजूला हात घालायचाच नाही.

दिव्याखाली, इंजिनच्या फटींवर जुनी चादर खोचून ठेवा. हातातून सुटलेली वस्तू चादरीत सापडते. खालच्या प्लास्टिकमध्ये गेली तर अर्धा दिवस गेला.

५. सोप्या बाजूला शिका

ही पायरी गाळू नका. हाच खरा अभ्यास आहे.

ज्या दिव्यामागे मोकळी जागा आहे, बहुतेकदा दुसऱ्या बाजूला, तिथला चांगला बल्ब आधी बदलायचा. तिथे सगळं दिसतं. एच४च्या दिव्यात मागून पुढे असा क्रम असतो: कपलर, रबरी टोपी, तारेची स्प्रिंग क्लिप, मग बल्ब.

कपलर धरून सरळ मागे ओढा. वायर धरून ओढू नका. घट्ट असेल तर डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत काढा. रबरी टोपीला ओढायची जीभ असते, तिने टोपी सोलून काढा आणि वर कुठली बाजू होती ते बघून ठेवा. आता क्लिप दिसेल. एका टोकाला बिजागरी, दुसरं टोक खाचेत अडकवलेलं. ते टोक आधी दिव्याच्या दिशेने आत दाबायचं, मग बाजूला सरकवायचं, म्हणजे खाचेतून सुटतं. नुसतं ओढलं तर तार वाकते आणि पुढे कधीच घट्ट बसत नाही.

मोबाइलने दोन-तीन फोटो काढा. मग डोळे मिटून तीच क्लिप दहा वेळा उघडा आणि बंद करा. आत दाबून बाजूला, सोडा. आत दाबून बाजूला, अडकवा. बोटांना अंतर कळलं पाहिजे, जोर किती लागतो ते कळलं पाहिजे. दुसऱ्या बाजूची क्लिप आरशात पाहिल्यासारखी उलटी असू शकते, तेवढं लक्षात ठेवा.

आता नवा बल्ब हातात घ्या, काच सोडून धातूच्या कडेला धरून. एच४च्या त्या कडेला तीन कान असतात. दोन अरुंद, एक रुंद. रुंद कान वर, घड्याळातल्या बारावर. मागच्या तीन पिनांपैकी वरची आडवी, बाजूच्या दोन उभ्या. हेसुद्धा डोळे मिटून बोटांनी चाचपा. अंधारात रुंद कान शोधता आला की निम्मं काम झालं.

काचेला बोट का लावायचं नाही, तर बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून वाळू द्या.

६. अवघड बाजूला वाट करा

वाट तीन तऱ्हांनी होते. सोप्यापासून सुरू करा.

पहिली, काहीच न काढता हात घालणं. लहान हात असलेल्यांना जमतं. माझ्या गाडीत काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीच्या नळीचा एक स्क्रू काढून ती बाजूला केली की मनगट जातं. एअर फिल्टरकडे जाणारी हवेची नळी अनेकदा एक-दोन क्लिपांवर असते, तीही निघते. नळी काढली तर तिचं तोंड फडक्याने झाका, आत काही पडायला नको.

दुसरी, बॅटरी काढणं. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर सोडवायची, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हवर पाना फिरवला आणि तो पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरी जड असते, सरळ धरूनच उचला. नंतर घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत खिडकीच्या काचांची आपोआप वर-खाली होण्याची सोयही पुन्हा लावून घ्यावी लागते.

तिसरी, चाकाच्या कमानीतून. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागचं काळं प्लास्टिकचं अस्तर दिसतं. त्याच्या पुढच्या दोन-चार क्लिपा काढून अस्तर वाकवलं की दिव्याची पाठ सापडते. काही गाड्यांत यासाठी वेगळं झाकणही दिलेलं असतं. आपल्या लाल मातीने या क्लिपा गच्च होतात. आधी पाण्याने धुवा, मग चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने मधली खीळ वर काढा. एक-दोन तुटतीलच, बदली क्लिपा स्पेअर पार्टच्या दुकानात सुट्या मिळतात. गाडी जॅकवर चढवून खाली शिरू नका. चाक जमिनीवर ठेवूनच हे होतं.

बंपर उतरवून अख्खा दिवा बाहेर काढणं ही चौथी तऱ्हा. काही गाड्यांना खरोखर तेच लागतं आणि पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. ते मी घरी करायला सांगणार नाही.

७. जुना काढा, नवा बसवा

हात घालण्याआधी मोबाइल आत सरकवून व्हिडिओ काढा. क्लिपचं सुटणारं टोक डावीकडे आहे की उजवीकडे, एवढंच त्यात बघायचं. मग मोबाइल ठेवून द्या. एका हातात आरसा, दुसऱ्यात क्लिप, असं करायला गेलं की दोन्ही बिघडतं. उलट दिसणारा आरसा बोटांना फसवतो.

कपलर, टोपी, क्लिप. क्लिप सुटताना एक बोट बल्बच्या बुडावर ठेवा, म्हणजे बल्ब घरंगळणार नाही. जुना बल्ब बाहेर आला की फिलामेंट बघा, कपलरच्या आतल्या पट्ट्याही बघा. हिरवट असतील तर बारीक सँडपेपरची पट्टी किंवा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरून स्वच्छ करा. प्लास्टिक वितळलेलं असेल तर नवा बल्ब घालू नका, आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कपलर बदलून घ्या.

नवा बल्ब रुंद कान वर ठेवून आत सरकवा. बरोबर बसला की कड सपाट टेकते आणि बल्ब गोल फिरत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. कान खाचेत न जाता कड तिरपी टेकली होती, वरून क्लिप ओढूनताणून लागली, आणि दिवा पेटला म्हणून मी खूश. रात्री रस्त्यावर उजवा झोत थेट माडांच्या शेंड्यांवर, आणि समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. म्हणून क्लिप लावण्याआधी बोट कडेवरून पूर्ण गोल फिरवा. कुठेही पायरी जाणवली तर बल्ब काढा, पुन्हा बसवा. बरोबर बसलेल्या बल्बवर क्लिप फारशा जोराशिवाय लागते. जोर लागतोय म्हणजे बल्ब चुकला आहे.

घाई नको. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला. हात बधिर झाला की बाहेर काढा, चहा घ्या, पुन्हा घाला.

८. रबरी टोपी

टोपी नीट बसली नाही तरी दिवा पेटतो, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आपल्या पावसात ते चालत नाही. जून ते सप्टेंबर दिव्यात ओल शिरत राहते, काच आतून धुरकट होते आणि रिफ्लेक्टरचा चकचकीत थर उतरायला लागतो. तो थर घरी दुरुस्त होत नाही, मग अख्खा दिवा बदलावा लागतो. टोपीची वरची बाजू वरच ठेवा, मधल्या भोकातून तीनही पिना पूर्ण बाहेर येऊ द्या, आणि बाहेरची कड अंगठ्याने गोल दाबत न्या. रबर चिरलेलं असेल तर नवी टोपी घ्या. टेप चिकटवून भागत नाही, दिव्याच्या उष्णतेने ती सुटते.

शेवटी कपलर, पूर्ण आत जाईपर्यंत. अर्धवट लागलेला कपलर तापतो.

९. भिंतीवर तपासा

बॅटरी किंवा नळी जागेवर आली का, चादर काढली का, हे बघून मगच इंजिन चालू करा. चादर आत विसरणं सोपं आहे आणि इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात गेली तर महागात पडतं.

काळोख पडल्यावर गाडी त्याच खुणांवर उभी करा. दोन्ही दिव्यांची वरची कड खडूच्या रेघेच्या आसपास एकाच उंचीवर हवी. आपल्या गाड्यांत लो बीमची कड डावीकडे थोडी वर चढते, कडेचा माणूस दिसावा म्हणून. ते बरोबर आहे. पण एका दिव्याची कड पुसट दिसली किंवा झोत वर गेला, तर दिव्यामागचे उंची बदलणारे स्क्रू फिरवू नका. बल्ब नीट बसलेला नाही. पुन्हा सातव्या पायरीवर जा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे रात्री गाडीच्या दिव्यांनी पुढचं १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि झोत खाली वळलेला असला पाहिजे. चोर्ला घाटात धुक्यात वळणावर समोरून हाय बीम आला की या नियमाचा दुसरा भाग का आहे ते लगेच कळतं.

१०. गॅरेजला केव्हा जायचं

क्लिपची बिजागरी तुटली असेल, बल्ब दिव्याच्या आत पडला असेल, कपलर वितळला असेल, किंवा नवा बल्ब आठवड्याभरात गेला असेल तर स्वतः झगडत बसू नका. तिथे जाऊन "हेडलाइट बघा" म्हणण्याऐवजी काय दिसलं ते सांगा, फोटो दाखवा. बंपर उतरवायचाच म्हणाले तर का, ते विचारा. आणि गाडी परत घेताना तिथल्याच भिंतीवर दोन्ही झोत बघून घ्या.

सोप्या बाजूचा काढलेला चांगला बल्ब टाकू नका. स्वच्छ फडक्यात गुंडाळून नव्या बल्बच्या खोक्यात घाला आणि हातमोज्यांच्या एका जोडीसह डॅशबोर्डच्या खणात ठेवा. माझा गेल्या चवथीच्या आदल्या रात्री साखळी गावी मावशीच्या अंगणात कामी आला, आणि तेव्हा उजव्या बाजूला वीस मिनिटं पुरली.